फुमिएला हाक

८ एप्रिल १९९१, क्योतो

नवी नोकरी, नवी खोली. खिडकीखाली कालवा आहे, काठावरची चेरीची फुलं अजून गळायची आहेत. कचेरीत सगळ्यांनी उभं राहून स्वागत केलं. शेजारच्या टेबलावरचे कुसाका-सान म्हणाले की इथे जेवण वेळेवर मिळतं, घरी जायचं तेवढं विसरा. बऱ्याच दिवसांनी हसलो. व्हिडिओ गेममधलं एक गाव माझ्याकडे दिलं आहे. तिथल्या माणसांना बोलतं करायचं.

१९ एप्रिल

गावातल्या खानावळवालीचं नाव फुमिए ठेवलं. खेळणाऱ्याने नाव निवडून हाक मारली की ती दार उघडून बाहेर येते आणि म्हणते, आलात? हात धुऊन घ्या. माझी बायको असंच म्हणायची. तिला जाऊन वर्ष होत आलं. अंत्यविधीच्या वेळी भिक्षूंनी तिला मृताचं नवं नाव दिलं. तेव्हापासून जुनं नाव मी तोंडाने घेतलेलं नाही. घेतलं तर गेलेलं माणूस मागे वळतं, असं आमच्याकडे मानतात. पण ही तर पडद्यावरची तीन अक्षरं.

१३ मे

चाचणी सुरू झाली. चाचणीवाले दिवसभर तिला हाका मारत असतात. कुसाका-सान म्हणाले की तुमच्या काकू रुसल्यात, दार उघडायला उशीर लावतात, पगार वाढवा त्यांचा. मी प्रोग्राम तपासला. उशीर होण्यासारखं काहीच नाही.

संध्याकाळी खोलीच्या दाराशी कुणीतरी चपला काढल्याचा आवाज आला. कुणी नव्हतं. तरी बरं वाटलं.

२१ मे

फुमिए आज म्हणाली, पुन्हा का?

हे वाक्य मी लिहिलेलं नाही.

२३ मे

मेहुणीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली की भाऊजी, शिक्षण काय चुलीत घातलंत? दिवसभर हाका मारल्यात तर ताईने टेकायचं कधी? नाव आजच काढा.

काढायला बसलो. काढलं नाही. संध्याकाळी ती येते. जिन्यात पावलं, मग चपला. नाव काढलं तर खोलीत मी एकटाच.

३ जून

आज म्हणाली, आता येववत नाही.

उद्या काढतो. नक्की.

४ जून

काढलं. नागाहोरी साहेब म्हणाले की अहो, झोपेत आहात का? मूळ प्रत कालच कारखान्यात गेली. आता ब्रह्मदेवालाही बदलता यायची नाही.

१२ जुलै

विक्री सुरू. दुकानापुढे रांग. खोके छातीशी धरून मुलं घरोघर —

संध्याकाळी

आली. पाय ओढत. भिंतीला टेकून बसली. चेहरा बघवत — मी नाव घेतलं नाही. चहा ठेवला.

शेजारी गेम लावलाय. त्यातल्या दाराचा आवाज मीच केलेला, ओळखतो.

ती उठली.

बसते न बसते तोच वरच्या मजल्यावर — आता समोर —

अरे, तिला जरा बसू तरी