खळ्यावरची हलती चित्रं

टिगर, नुब्रा

वडीलबंधू आचो स्तोब्दन यांस धाकट्या छेवांगचा वाकून जुले. तुमची कंबर कशी आहे? श्रीनगरच्या ओल्या हवेत साहेबाच्या चुलीपुढे उभं राहून ती धरणारच, असं आमा म्हणायची. आम्ही ठीक. पत्रास विशेष कारण नाही.

शरदात तुमचे ब्राउनलो साहेब चावीचा कॅमेरा घेऊन इथे आले, ते ऐन मळणीत. त्यांना हलती मळणी हवी होती. पण त्याआधीच्या उन्हाळ्यात आलेल्या फोटोवाल्याने गावाला दरडावून ठेवलं होतं, हललात तर तोंड पुसलं जाईल. गाव ते विसरतं का? साहेबाने चावी दिली आणि खळं थिजलं. बायका डोक्यावर घरातले सगळे पिरोजे चढवून (मळणीला!) हात मांड्यांना चिकटवून उभ्या. मी दुभाष्या. हला, हला म्हणून माझा घसा बसला, तर शेजारची पद्मा आजी म्हणते, "तूच हल रे. मला तोंड एकच आहे." शेवटी बैलसुद्धा थांबले (त्यांना कुणी बजावलं होतं, कोण जाणे).

हलली एकटी आमा. कॅमेऱ्याचे तिन्ही पाय जवाच्या राशीत आणि साहेबाचे दोन्ही बूटही, हे तिने पाहिलं. राशीची पूजा अजून व्हायची होती. केरसुणी उगारून ती थेट धावली. "अन्नावर बूट? आईनं काही शिकवलं नाही का रे तुला?" मी साहेबाला सांगितलं, आई आपलं स्वागत करते आहे. साहेब मागे सरत होते, कॅमेरा घरघरत होता. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, म्हातारीने बिघडवलं, तेवढा भाग कापून टाकीन. मी म्हटलं, खुशाल टाका.

मग बर्फ पडलं, खिंड बंद झाली आणि आमा गेली. तुम्हाला निरोप पोचला तो वसंतात. तुमचा दोष नाही, आचो, खिंडीपुढे कुणाचं चालतं? पण तुम्ही हवे होतात. ती दाराकडे बघायची.

तुमचा,
छेवांग

ता. क. साहेबाची फिल्म धुऊन विलायतेहून येईल म्हणे. मला त्या यंत्राचं काडीचं कौतुक नाही.

आणखी ता. क. साहेबाच्या खोलीतली केराची टोपली तुम्हीच रिकामी करता ना? फिल्म आली की काही दिवस नीट बघून करा. कापलेला तुकडा उजेडाकडे धरला तर बारीक बारीक चित्रं दिसतात, असं साहेबच सांगत होते. हातात केरसुणी असेल, ती आमा. आधी तुम्ही पोटभर बघा, किती वर्षांत तिची बोलणी खाल्ली नाहीत तुम्ही. मग मला पाठवा.