सवतीची वेणी

ता. ३ मार्च

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाबा तुझ्याकडे रमलेत हे वाचून बरं वाटलं. इथे घराची डागडुजी म्हणजे मारुतीचं शेपूट झालंय. रंगारी एक भिंत संपवतो तोवर दुसरीचे पोपडे निघतात. तुझी वहिनी धुळीला आणि मला वैतागलीये.

फोन सोडून हा पत्र कसलं लिहितोय, म्हणशील. अगं, बाबांच्या डोळ्यांचं तेज सगळं कानांत उतरलंय. तुझ्या दोन खोल्यांत फोनवर मी नुसता खोकलो तरी त्यांना कळतं. तेव्हा हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस.

झालंय असं, की रंगाऱ्याच्या स्टुलाचा धक्का लागून बाबांनी हाताने बांधलेल्या त्या लाकडी जहाजाची एक डोलकाठी जराशी कलली आहे. घाबरण्यासारखं काही नाही, सरस लावून बसवतो. पण बाबा येऊन रोजच्यासारखं बोट फिरवतील आणि उगाच जिवाला लावून घेतील. त्यांना आणखी महिनाभर ठेवून घे. कारण तूच शोध, त्यात तू पटाईत आहेस.

लोभ आहेच, आत्ता जरा जास्त लागेल.
तुझा दादा


ता. ११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांची तब्येत उत्तम आणि तक्रारी त्याहून उत्तम. आठ दिवसांत त्यांनी माझ्या घरातले सगळे अडकणारे खण नुसत्या हातांच्या अंदाजाने दुरुस्त केले. शेजारच्या मास्तरांची फाटकी पुस्तकंही बांधून दिली. डोळे गेले तरी बुकबाइंडरचे हात गेले नाहीत, असं मास्तर म्हणाले, तेव्हा बाबा दिवसभर फुगून बसले होते.

पण जहाजावाचून करमत नाही रे त्यांना. दादाला सांग, धूळ ब्रशने झाड, फडक्याने नको, हे रोज एकदा होतंच. आणि सकाळी चहा समोर आला की त्यांचं बोट टेबलाच्या कडेवरून वर जातं, खाली येतं. काय करताय म्हणून विचारलं, तर काही नाही म्हणाले. महिनाभर थांबा म्हटलं तेव्हा तर माझ्याकडे अशी मान वळवली, की मला खोटं बोलता येत नाही हे मलाच पुन्हा कळलं.

आता खरं सांग. लहानपणी काचेची बरणी फुटली तेव्हाही तू जरासा तडा गेलाय म्हणाला होतास, आणि मी अंगणभर तुकडे वेचले होते. नक्की काय काय मोडलंय? मला कळलं तर काही सुचवता येईल. आणि त्या रंगाऱ्याला फार बोलू नकोस, बिचारा मुद्दाम थोडाच करेल.

वहिनीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी चिंगी


ता. १४ एप्रिल

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायची छाती होत नव्हती. आता लिहितो.

रंगाऱ्याने काही केलं नाही. मी केलं. जहाज ठेवलेलं खिडकीजवळचं टेबल मला ऑफिसच्या कामासाठी हवं होतं. जहाज हलवायचं तर दोन माणसं, चार हात, हा बाबांचा नियम तुला ठाऊक आहे. मी एकट्याने उचललं. जमिनीवर रंगाऱ्याने अंथरलेल्या कापडात पाय अडकला. तिन्ही डोलकाठ्या गेल्या, पुढची आडवी काठी गेली, शिडांच्या दोऱ्यांचा गुंताडा झाला, उजवी दोरशिडी तुटून लोंबायला लागली. रंगारी माझ्याकडे पाठ करून स्टुलावर उभा होता. आवाज ऐकून वळला आणि मी काही बोलायच्या आत त्यानेच कान पकडले. माझंच स्टूल लागलं असेल, साहेब, म्हणाला. मी तोंडातून ब्र काढला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने भावाला पाठवलं, स्वतः आला नाही.

तेव्हापासून ऑफिसमधून आलो की जहाजापुढे बसतो. बाबांचे नकाशे पत्र्याच्या पेटीत होते. काठ्या तासल्या, पट्ट्या वाफेवर वाकवल्या, त्यांच्या पुस्तकं शिवायच्या दोऱ्याला मेण लावून एकेक दोरी ओवली. बोटांची चाळण झाली. वहिनी म्हणते, सासरेबुवा हे जहाज बांधत होते तेव्हा तुम्ही एवढं बसला असतात तर. खरंच आहे. चिमटा धर रे जरा, म्हणून ते हाक मारायचे आणि मी अभ्यासाचं, पुढे नोकरीचं निमित्त काढून सटकायचो.

पण आता जहाज जसंच्या तसं झालंय. उलट काकणभर सरसच. डावी दोरशिडी धड होती, पण तिच्या गाठी सगळ्या उलट्या आणि ढिल्या, पायऱ्या वाकड्या. तोवर बाबांची नजर गेली असणार. ती कापून काढली आणि चोवीसच्या चोवीस पायऱ्या नकाशाबरहुकूम नव्याने बांधल्या. जुना दोरा रंगाच्या कचऱ्याबरोबर गेला. आता बाबांना खुशाल पाठव.

रागावलीस तरी लोभ काढून घेऊ नकोस.
तुझा दादा


ता. १८ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

महिना उलटल्यावर बाबा ऐकेनात, आज सकाळी मास्तरांच्या सोबतीने निघाले, आणि दुपारी तुझं पत्र आलं.

दादा, डावी शिडी आईची होती रे.

तुला माहीत नाही, कारण शेवटचे चार महिने तू नोकरीच्या गावी होतास आणि दर वेळी पुढच्या आठवड्यात येतो म्हणत होतास. आई त्या जहाजाला माझी सवत म्हणायची, ते तुला आठवत असेल. अंथरुणाला खिळली तेव्हा एक दिवस म्हणाली, आणा तिला इकडे, सवतीची वेणी तरी घालते. बाबांनी जहाज तिच्या पलंगाशी आणलं. डावखुऱ्या हाताने, दिवसाला एक पायरी, कधी अर्धी. म्हणून गाठी उलट्या. हातात जोर नव्हता, म्हणून ढिल्या. चोविसावी बांधली आणि आठवड्याने गेली.

तू मला मोडलेल्या वस्तूंची यादी पहिल्याच पत्रात दिली असतीस, तर मी धावत येऊन तुझा हात धरला असता. पण मी तरी तुला हे नऊ वर्षांत कुठे सांगितलं? तू तेव्हा आला नाहीस याचा राग होता. हे आमच्या तिघांचं आहे, दादाला कशाला सांगा, असं मनात धरून बसले. त्याची लाज आज वाटतेय.

दुपारपासून तीनदा फोन उचलला आणि खाली ठेवला. बाबा पोचायच्या आत तुला कळलं असतं, तर एका रात्रीत तू वाकड्या गाठी मारून ठेवल्या असत्यास. आणखी एक खोटं. ते मला नको होतं.

त्यांना सांभाळ, आणि मलाही टाकू नकोस.
तुझी चिंगी


ता. २४ एप्रिल

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाबा आले ते पायसुद्धा न धुता जहाजाकडे गेले. उजव्या बाजूवरून बोट फिरलं, क्षणभर थांबलं, पुढे गेलं. मग डावी बाजू. बोट शेंड्यापर्यंत गेलं, खाली आलं, परत वर गेलं. त्यांनी विचारलं, सवतीची वेणी कुणी सोडली. मला काही उमगलं नाही. साफसफाई करताना वाकडी दिसली म्हणून सरळ केली, असं मी छाती पुढे काढून सांगितलं. ते खुर्चीत बसले आणि दोन दिवस जहाजाजवळ फिरकले नाहीत.

तुझं पत्र आलं ते मी जिन्यातच वाचलं. आत जाऊन त्यांच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगून टाकलं, टेबल, कापड, रंगारी, सगळं. वाटलं, आता आभाळ कोसळणार. ते ओरडले असते तर फार बरं झालं असतं गं.

ते हळू आवाजात म्हणाले, की आईने शेवटची पायरी बांधून मोठ्या कौतुकाने दाखवली, तेव्हा आपण काय बोललो तर, वाकड्या आल्यात, असू दे, मी नंतर सोडून नीट बांधीन. ती हसली आणि म्हणाली, मी गेल्यावर बांधा. त्या दिवसापासून रोज सकाळी बोट फिरवून तिची माफी मागत होतो, म्हणाले. आता कुठे मागू? चिंगे, मला नाही सांगता आलं. तुला येतं का?

संध्याकाळी मी माझ्या चोवीस पायऱ्या सोडल्या. किती सुबक होत्या, एकेक सोडताना लाज वाटत होती. काल रंगाऱ्याच्या घरी जाऊन त्यालाही खरं सांगितलं. त्याने मला आत बसवलं. मग म्हणाला, तेव्हापासून प्रत्येक घरात स्टूल ठेवताना तीनदा मागे वळून बघतो. वर त्यानेच मला चहा दिला.

आता जहाजाची डावी बाजू बोडकी आहे. आज सकाळी बाबा म्हणाले, चिंगीला बोलाव, तिचा हात आईचा आहे, डावा. मी म्हटलं, आईच्या गाठी काही परत येणार नाहीत. ते म्हणाले, तेवढं कळतं मला, पण तिथे काहीतरी वाकडं हवं.

तेव्हा ये. दिवसाला एकच पायरी बांध, घाई नाही. कुणी वाकडी म्हणणार नाही. मी शेजारी चिमटा धरून बसेन, आणि या वेळी उठणार नाही.

लोभ ठेवशीलच असं आता हक्काने म्हणवत नाही. ठेव, एवढंच.
तुझा दादा