आधी नाक, मग हात

६ नोव्हेंबर, गुरुवार

दूध करपलं. पातेल्याचा तळ कोळसा, स्वयंपाकघरभर धूर, आणि मी ओट्याशीच उभी राहून खिडकीतून मळा बघत होते! वहिनी धावत आली, गॅस बंद केला, माझ्याकडे बघत राहिली. "अगं, तुला वास नाही आला?"

म्हटलं, सर्दी आहे. ताप जाऊन आठ दिवस झाले, सर्दी तर नव्हतीच. मग वर खोलीत जाऊन दार लावलं आणि साबण हुंगला. कॉफीचा डबा हुंगला. दादाचे शेतातले मोजे हुंगले — हे फक्त इथे लिहिते. काही नाही. कशाचंच काही नाही.

उरलेलं दूध सगळ्यांनी नको म्हटलं. बाबांनी तेवढं मुकाट्याने प्यायलं. "बरं आहे की," म्हणाले. मला वाईट वाटू नये म्हणून. असा माणूस शोधून सापडायचा नाही.

७ नोव्हेंबर

कांदा चिरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. नाकात शुकशुकाट.

८ नोव्हेंबर, शनिवार

भरतीचा दिवस. तापानंतरचा थकवा होता तरी तळघरात उतरले. नसते उतरले तर दादाने दहा प्रश्न विचारले असते.

पिंपातली वाईन दर आठवड्याला थोडी कमी होते. काही लाकूड पितं, काही उडून जाते. वर रिकामी जागा राहिली की हवा लागते आणि वाईन आंबते. म्हणून दर शनिवारी बारा मोठ्या पिंपांची बुचं काढायची आणि तेराव्या छोट्या पिंपातल्या वाईनने झारीने पिंपं काठोकाठ भरून बुचं परत ठोकायची. पणजोबांपासून हेच चाललंय. छोटं पिंप पाव रिकामं झालं की त्यातली उरलेली वाईन काचेच्या बरण्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवायची, कारण हवा सगळ्यात आधी तिलाच लागते. आणि दर वेळी झारी उचलायच्या आधी हुंगायची. बाबांचं वाक्य — आधी नाक, मग हात.

छोटं पिंप पावाहून जास्तच रिकामं झालंय, माझ्या तापात कुणी बघितलंच नाही. पण त्या बरण्या उचलायचं अंगात त्राण नव्हतं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात करू. अकरा आणि बारा नंबर कोपऱ्यातल्या बुटक्या कमानीखाली आहेत, तिथे झारी फिरत नाही. ते नेहमीसारखे तिथेच ठेवलेल्या जुन्या बरणीतल्या वाईनने, मगाने भरले. बाकी दहा झारीने.

झारी हुंगली. सवय आहे ना.

९ नोव्हेंबर, रविवार

बाबांची फेरी.

आमच्याकडे द्राक्षं अजून पायांनी तुडवतात. दगडी हौदात रस आपला आपण फसफसतो, बाहेरचं यीस्ट कधी घरात आलं नाही. बघायला येणाऱ्यांना ते तुडवणंच आवडतं, फोटो काढतात. पण पायांचं काम कुणीही करेल. खरं काम नाकाचं. हौदातून कधी काढायची, कुठलं पिंप कशात मिसळायचं, कुठलं थांबवायचं, सगळं एका नाकावर. आधी आजोबांच्या, मग बाबांच्या. नऊ वर्षांपूर्वी बाबा हौदाच्या शिडीवरून डोक्यावर पडले, सहा टाके पडले. पंधरा दिवसांनी अंथरुणातून उठले आणि पेला माझ्या हातात दिला. "आता तू," म्हणाले. दादाला मिरच्या झोंबल्या होत्या. थोरला ना तो! अजून मला "नाकवाली बाई" म्हणतो. हल्ली प्रेमाने म्हणतो, पण म्हणतो.

तर रविवारची फेरी. बाबा काचेच्या नळीने पिंपातली वाईन काढतात, पेल्यात सोडतात, माझ्या पुढे करतात. "तू सांग आधी." नऊ वर्षं हेच. मी सांगते, मग ते हुंगतात, मान हलवतात. आपलं मत आधी सांगून पोरीला बावचळवून टाकायचं नाही, अशी त्यांची शिकवायची रीत.

मी गेल्या वर्षीच्या वहीतलं पाठ करून गेले होते. एक नंबर — मनुका, ओली साल. चार नंबर — मिरी, थोडं चामडं. नऊ नंबर — अजून मिटलेला आहे. परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी घडाघडा बोलले. बाबांनी प्रत्येक पेला नाकाशी नेला, मान हलवली. "अगदी," म्हणाले.

सुटले. आणि इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही. बाबांसमोर मी आयुष्यात खोटं बोलले नव्हते.

१२ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे जाऊन आले, घरी सांगितलं दातांसाठी. ते म्हणाले, तापानंतर होतं असं. महिन्यात येईल, वर्षाने येईल, कदाचित नाही येणार. औषध? नाही. वाट बघा.

"तुम्ही काय काम करता?" विचारलं त्यांनी. मी म्हटलं, घरकाम.

येऊन तळघराच्या मागे गंधकाची वात पेटवली, रिकामी पिंपं धुरी देऊन शुद्ध करतो ती. चांगली तोंडाजवळ धरली. घसा बंद झाला, खोकून खोकून कमरेत वाकले. वास नाही. खोकला मात्र अजून आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

भरती केली. दहा झारीने, दोन मगाने. बरण्यांचं पुढच्या आठवड्यात.

१९ नोव्हेंबर

जेवताना दादाने त्याचा दर वर्षीचा विषय काढला. "यंदा प्रत्येक पिंपाचा एकेक नमुना प्रयोगशाळेत तपासायला पाठवू या का? चार दिवसांत कागद हातात येतो. आजकाल सगळेच करतात."

देव जणू माझ्याच मदतीला धावून आला होता. मी फक्त 'हो' म्हणायचं होतं. आणि मी काय म्हणाले? "का? घरात नाक आहे ते पुरत नाही का तुला?" वर आणखी — "उद्या बाबांच्या मताऐवजीही कागदच मागव." दादाने पाव मोडला, म्हणाला, "बरं बाई, नाही पाठवत." बाबा ताटाकडे बघत होते. मला वाटलं, त्यांनी तरी म्हणावं, पाठवू दे. पण ते तसं म्हणाले नाहीत.

मी असं का बोलले, मला माहीत आहे. नाक गेलं तर मी कोण? दादाकडे मळा आहे, वहिनीकडे घर आहे, हिशेब आहेत. माझ्याकडे एवढंच होतं. चाळिशीला आलेली बिनलग्नाची बहीण, तळघरातली. वास घेता येतो म्हणून ताट वाढलं जातं असं कुणी कधी म्हटलं नाही, पण माझ्या डोक्यात ते बसलंय, काय करू!

२९ नोव्हेंबर, शनिवार

भरती. बरण्या राहिल्या. आता खरंतर अंगात ताकद आहे. खरं कारण असं की तळघरात फार वेळ थांबवत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

वहिनी बटाट्याची टोपली घ्यायला तळघरात आली. नाक मुरडून म्हणाली, "काय गं, इथे व्हिनेगर सांडलंय का?"

दादा मागेच होता, खो खो हसला. "तुला सगळीच वाईन व्हिनेगर लागते." खरंच आहे ते. वहिनी एक थेंब घेत नाही, लग्न झाल्यापासून पिंपांजवळून पदर नाकाला लावून जाते, आणि आम्ही सगळे चौदा वर्षं तिला त्यावरून चिडवतो. मीही हसले. सगळ्यात मोठ्याने मीच हसले.

मग भरती केली.

१३ डिसेंबर, शनिवार

माशा.

छोट्या पिंपाच्या बुचावर बारीक तपकिरी माशा. एक नाही, दोन नाही, घोळका. या थंडीत! आजोबा सांगायचे, नाकाच्या आधी माशीला कळतं. आंबट व्हायला लागलं की ती तळघर शोधत येते.

बूच काढलं. पिंप अर्ध्याहून रिकामं. वाईनवर पातळ पांढुरकी साय. नळीने तळातली काढून जिभेवर घेतली. वास नसला तरी जिभेला आंबट कळतं. घशाच्या मागे चटका बसला, डोळे मिटले.

मग बाकीच्यांवर कंदील धरून फिरले. सातवर माशा. तीनवर माशा. आठवर, पाचवर. पाच शनिवार मी झारीने दहा पिंपांत ही घाण ओतलीय, काठोकाठ, नीट, एक थेंब न सांडता. नुसतं कमी पडू दिलं असतं तरी इतकं वाटोळं झालं नसतं. आणि आता काढताही येत नाही. दुधात मीठ पडलं तर काय काढणार?

आज भरती केली नाही. पायरीवर बसून राहिले. वर सगळे हसत होते, कशावरून कोण जाणे.

१४ डिसेंबर, रविवार

बाबांची फेरी. मी धरून चालले होते की आज बोलायची गरजच पडणार नाही. सात नंबरचा पेला नाकाशी नेतील आणि संपलं. दहा पिंपांतलं हे बाबांच्या नाकातून सुटणं शक्य आहे का? धाकधूक होती आणि सुटका होईल असंही वाटत होतं.

नळी, पेला. "तू सांग आधी."

माझ्या तोंडून निघालं — "थोडी गप्प आहे. पण बरी आहे."

बाबांनी पेला नाकाशी नेला. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला. एक माशी पेल्याच्या काठावर येऊन बसली, त्यांनी ती बोटाने उडवली. आणि म्हणाले, "हं. बरी आहे."

त्यांना कळलंय. शपथेवर सांगते. गेले कितीतरी रविवार कळलंय. मी कधी तोंड उघडते त्याची वाट बघताहेत. रागावले असते तर बरं झालं असतं. हे असं पुढे पेला करणं, 'तू सांग' म्हणणं आणि माझं खोटं गिळून टाकणं! आता आठवतं, मागच्या रविवारी जिना चढताना माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. तो का ठेवला ते आज कळलं.

१६ डिसेंबर

वहिनीला खाली नेलं. दादा मळ्यात छाटणीला, बाबा झोपलेले. तिला म्हटलं, काही विचारू नकोस, फक्त प्रत्येक पिंपाशी उभी राहा आणि सांग.

पदर नाकाला लावणार होती, मी हात धरला. एक. "येतोय." दोन. "येतोय, थोडा." असं करत दहापर्यंत. सात नंबरशी तर मागे सरली. मग बुटक्या कमानीत वाकली. अकरा, बारा. बराच वेळ तिथेच.

"या दोघांना नाही," म्हणाली. "हा वास वेगळाय. फळांचा. ही वाईन अशी असते होय?"

मला रडू कोसळलं. तिने काही विचारलं नाही, कबूल केल्याप्रमाणे. जिन्यात एवढंच म्हणाली, "दूध करपलं त्या दिवशीपासून ना?" मी मान हलवली. "मग बाबांना सांग. ते काही खाणार नाहीत तुला."

घरातलं एकच नाक धड होतं आणि त्याला आम्ही चौदा वर्षं हसत होतो.

१९ डिसेंबर

ठोक व्यापाऱ्याचा फोन आला. बुधवारी येतोय, यंदाच्या बारा पिंपांचा सौदा ठरवायला. तो चाखत नाही कधी. दादाला म्हणाला, "बहिणीने हुंगलंय ना? मग झालं."

दादा ते मला कौतुकाने सांगत होता.

२१ डिसेंबर, रविवार

फेरीला गेलेच नाही. डोकं दुखतंय सांगितलं. बाबा एकटे खाली गेले आणि पाच मिनिटांत वर आले. बारा पिंपांना पाच मिनिटं! माझ्यावाचून त्यांना हुंगावंसंही वाटत नाही. मी त्यांना इतकं दुखावलंय.

उद्या सांगते. कोणतं पिंप टाकायचं, कोणतं अजून धरता येईल, गंधकाने थोपवता येईल का, हे ओळखायला साधं वाईट-चांगलं कळून भागत नाही. ते वहिनीचं काम नाही. ते फक्त बाबांनाच येतं. मार खायची तयारी आहे माझी. बाबांनी कधी बोटही लावलं नाही, पण तयारी आहे. एकदा त्यांच्या हातात पेला गेला की पुढचं त्यांना माहीत.

२२ डिसेंबर, सोमवार

सांगितलं. तळघरात, सात नंबरपाशी. ताप, नाक, पाठ केलेली वही, झारी, सगळं. म्हटलं, बाबा, रागवायचं ते नंतर रागवा. आधी हुंगा आणि सांगा यातलं काय वाचेल. तुम्हाला तर महिनाभर कळतंय.

त्यांनी पेला घेतला. नाकाशी नेला. मग तसाच परत माझ्या हातात दिला आणि पिंपावर टेकून उभे राहिले.

"शिडीवरून पडलो ना मी," म्हणाले. "तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही, माऊ. म्हणून तर तुला आधी विचारायचो."