पहिलं बोलायचं घरच्यानं

प्रिय बारक्या,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तुला पहिली आईच आठवली असेल, म्हणून आधीच सांगते, आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तू चेंडूला पहिली लाथ मारलीस त्याच्याही आधीपासून कुरकुरतोय. फोन तू उचलत नाहीस, मेसेज केला की नुसता अंगठा पाठवतोस. कागदाला अंगठा पाठवता येत नाही, म्हणून कागद घेतला. निदान वाचून तरी होईल.

माझं काम तेच चाललंय. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, मी मेण ओतते, दात बसवते, हिरड्यांचा गुलाबी रंग जुळवत बसते. प्लास्टर कालवताना हातावर उडतं. ते सुकलं की त्यावर बोट ठेवलं तरी आतल्या कातडीला काही कळत नाही. बाबा गेल्यापासून मी अख्खीच तशी झालेय. अजून रडू आलेलं नाही. लोक आले, माझ्या गळ्यात पडून रडले, मी त्यांना पाणी दिलं, चहा विचारला. मावशी आईला हळूच म्हणाली की पोरगी खंबीर आहे हो. खंबीर कसली, मला काही वाटतच नव्हतं. शेवटच्या दिवशी बाबा ज्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला गेले होते, तिथल्या वॉचमनने त्यांची हत्यारांची पेटी घरी आणून दिली. ती दाराशीच आहे. मी रोज तिला वळसा घालून कामावर जाते आणि वळसा घालून घरी येते.

तू आलास, एक रात्र राहिलास आणि सामना आहे म्हणून निघालास. मी अडवलं नाही. बाबांनीच तुला हाताला धरून बसमध्ये बसवलं असतं. पण त्यानंतर तू एकही सामना सोडला नाहीस आणि एकदाही घरी आला नाहीस. संघाच्या वसतिगृहापासून घर काय सातासमुद्रापार आहे का रे? आई तुझे सामने टीव्हीवर बघते, पण आवाज बंद करून. बोलणारा माणूस तुझ्याबद्दल काय म्हणेल याची तिला धास्ती. तू पडलास की ती खुर्चीची कड धरते, उठलास की सोडते. मांडीला पट्टी बांधून खेळतोस ते तिला कळलंय. विचारलं तर तू म्हणणार, काही नाही, जरा आखडलीय. बाबाही छातीत दुखलं की हेच म्हणायचे.

बाबांच्या मैदानातल्या खुर्चीचा पास वर्षाचा होता. वाया कशाला घालवायचा म्हणून मी जायला लागले. त्यांची रांग तुला माहीत आहे, तुमच्या राखीव खेळाडूंच्या बाकाच्या अगदी पाठीमागची. पण लांबून पाहणं वेगळं आणि त्यात बसणं वेगळं. एका बाजूला पंच, म्हणजे तो कुलपांच्या दुकानाचा मालक. जन्मात त्याने शिट्टी हातात धरली नसेल, पण प्रत्येक निर्णय आधी त्याला विचारूनच दिल्यासारखा बोलतो. दुसऱ्या बाजूला निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे त्यांना बाईच म्हणतात. आणि टोकाला शिंपीकाका, ज्यांच्या मते हरण्याचं एकमेव कारण म्हणजे तुमच्या चड्ड्या तोकड्या शिवल्यात.

तुमच्यावर तिथे जे तोंडसुख घेतलं जातं ना, ते ऐकशील तर जेवण जाणार नाही. पोराटोरांचा संघ, कर्णधाराला अजून धड मिशी फुटलेली नाही. अव्वल नंबरवाल्यांना लोळवलंत आणि पुढच्याच सामन्यात तळाच्या संघाकडून मार खाऊन आलात. पंच म्हणाला, यांचं घटकेत तोळा, घटकेत मासा. बाईंचं म्हणणं, कोवळी पोरं आहेत, आठवड्यात दोन-दोनदा जुंपल्यावर दमणार नाहीत तर काय. पंचाला ते पटत नाही. त्याच्या मते तुम्ही आरंभशूर, पहिला अर्धा तास वाघ आणि नंतर जीभ बाहेर. मग दोघांची जुंपते आणि काका मध्येच चड्ड्यांचा विषय काढतात. मी ऐकत बसते. ते बरं असतं. कुणी माझ्याकडे बघून मान तिरकी करत नाही.

या रांगेचा एक नियम आहे, बाबांनी तुला तो कधी सांगितला नसणार. मैदानात आपल्या घरचं कुणी असेल, तर त्याच्याबद्दल पहिलं आपण बोलायचं. आपण बोलल्याशिवाय बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. पूर्वी पंचाचा पुतण्या गोलकीपर होता, तेव्हापासूनचा हा नियम. तुला वाटायचं, बाबा तुझ्यावर सगळ्यांत जास्त ओरडतात. सामना संपला की मान खाली घालून घरी यायचास आणि सरळ अंथरुणात शिरायचास. तुझा पास चुकला की ते उभं राहून गरजायचे, पाय आहेत का ओंडके! ते तुला ऐकू यायचं. पुढचं मात्र तुला कधी ऐकूच आलं नाही, ते मला बाईंनी सांगितलं. बाबा खाली बसले की अख्खी रांग त्यांच्यावर तुटून पडायची. अहो, पोरगं आहे, किती बोलाल, मघाशी कसला चेंडू काढला ते दिसलं नाही का! पंचसुद्धा तुझी बाजू घ्यायचा. बाबा गप्प ऐकून घ्यायचे आणि गालातल्या गालात हसायचे. लेकी बोले सुने लागे हे मला ठाऊक होतं. पण पोराला कुणी बोलू नये म्हणून आधीच त्याला एवढं बोलून ठेवायचं, हे त्यांचंच डोकं.

आता बाबा नाहीत, तेव्हा तुझ्याबद्दल कुणी काही बोलत नाही. बाकीच्या दहा जणांची सालं काढतात, चेंडू तुझ्याकडे आला की रांग गप्प. तू धावत परत येताना कमरेवर हात ठेवतोस, ते सगळ्यांना दिसतं. बाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागतात. काका चष्मा पुसतात. तू जिवंत आहेस, डोळ्यांसमोर धावतोयस, आणि तुझ्याबद्दलही शोकसभेसारखी शांतता. ती मला सोसेना. आणि मला काहीतरी सोसेनासं झालं, याचंच मला नवल वाटलं.

गेल्या सामन्याचं तुला सांगायला नको. त्यांचा तो बुटका तुझ्या बाजूने दोनदा निघून गेला. दुसऱ्यांदा तू त्याच्या मागे गेलासच नाहीस, गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभा राहिलास. तेव्हा बाकामागून कुणीतरी ओरडलं, काढा त्याला बाहेर, पाय संपलेत त्याचे! मग मागच्या मवाली पोरांनी ते उचललं, त्यात आपल्या पदरच्या शिव्या घातल्या आणि बघता बघता अर्धं मैदान तुला बाहेर काढा म्हणून ओरडायला लागलं. प्रशिक्षकांनी तुझ्या नंबरची पाटी वर करायला लावली. तू कुणाकडे न बघता सरळ आत गेलास. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की प्रेक्षकांनी आपल्याच पोराला हाकललं. तेव्हापासून तर तू अंगठाही पाठवलेला नाहीस.

बारक्या, ते पहिलं ओरडणारी मी होते. घरच्याने बोलायचं होतं, आणि घरची तिथे मीच होते. ओरडून झालं तरी मी उभीच होते. बाईंनी मला खाली बसवलं आणि म्हणाल्या, अगं, पोरगं दमलंय, किती खेळेल, माणूसच आहे ना! पंच मागे वळून त्या मवाल्यांना असा काही बोलला की ते कागदावर लिहिता येणार नाही. आणि तू बाहेर पडत होतास तेव्हा आपली अख्खी रांग उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्या गोंगाटात तुला ऐकू गेल्या नाहीत, तू मान वर केली असतीस तर दिसल्या असत्या. सामना संपल्यावर सगळे तिथेच रेंगाळले. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या खुर्चीकडे, आणि टोपी घातली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. इतके दिवस त्या तिघांपैकी कुणीही माझ्यापाशी बाबांबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. मला वाटत होतं, विसरले. ते विसरलेले नाहीत रे, ते थांबलेत. घरच्यांपैकी कुणी अजून सुरुवात केलेली नाही. आईने टीव्हीचा आवाज बंद केलाय, मी पेटीला वळसा घालतेय आणि तू धावतोयस. पुढच्या सामन्यात तुला विश्रांती दिलीय असं वाचलं. तर त्या दिवशी ये. बाबांच्या खुर्चीवर तू बस, मी पायरीवर बसेन, आईलाही घेऊन येते. बाबांबद्दल पहिलं काय बोलायचं ते मला माहीत नाही. पाय आहेत का ओंडके, एवढंच म्हटलंस तरी चालेल. मग बाकीचे बोलतील.

मांडीला शेक दे. तिकीट काढू नकोस, फाटकावरचा माणूस तुला ओळखतो.

तुझीच,
तुझ्यावर पहिली ओरडलेली ताई