ढवळीला कोणी विचारलंच नाही

अमरावती,
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

चि. अनुप,

जयभीम. तू, ज्योत्स्ना आणि पायल मजेत असाल. इकडे थंडी पडली आहे. बाजारात तुरीच्या शेंगा आल्या, परवा सोल्याची भाजी केली होती. शेजारच्या रुख्मिणीताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकायला मीच जाते. त्यांच्या सुनेचा हात थरथरतो.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू "आई, ऐक ना" म्हणतोस आणि पुढे मलाच ऐकावं लागतं. पत्रात मधेच बोलता येत नाही.

आधी बातमी. ‘नऊ घाटांचं राज्य’ वाचून संपलं. सातही भाग. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात पायल पहिला भाग इथे विसरून गेली, तेव्हा मी तो उघडला तो फक्त धूळ झटकायला. तू म्हणतोस, लेकरांची पुस्तकं आहेत. असतील. भातकुलीच्या उपकेंद्रात एकोणतीस वर्षं मी लसीकरणाची रजिस्टरं वाचली, वरून आलेली पत्रकं वाचली, तुझ्या शाळेच्या नोटिसा वाचल्या. कोणाच्याच कामाचं नाही असं काही मी एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा वाचलं. उडणारे डोंगर, बोलणारे मासे, सगळं मला खरं वाटलं. त्याची लाज वाटत नाही.

पण शेवटाचा मला फार राग आला आहे.

त्यात ढवळी नावाची एक नावाडीण आहे. म्हातारी, काटक, तोंडाची फटकळ. राजपुत्र जखमी झाला की ढवळीची नाव. जादूगाराला पळायचं असलं की ढवळीची नाव. सात भाग ती सगळ्यांना या काठावरून त्या काठावर नेते. शेवटी राज्य वाचतं, मोठी पंगत बसते, नऊ घाट नऊ जणांना वाटून देतात. आणि ढवळी? "ढवळीनेही आपली नाव काठाला लावली." एवढंच! एक ओळ! तुला काय पाहिजे बाई, कुठे राहशील, असं एकानेही तिला विचारलं नाही.

मी पायलला फोन केला. तिनेही मागच्याच आठवड्यात संपवलं होतं. ती म्हणाली, "आजी, शेवट किती मस्त आहे ना!"

"काय मस्त? ढवळीचं काय?"

"अगं, ती साइड कॅरेक्टर आहे."

"साइड कॅरेक्टर असन तुई आजी!" मी एवढ्या जोरात ओरडली की रुख्मिणीताई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "का झालं वं माणिकबाई?"

मग पायल हळूच म्हणाली, "आजी, तू खरंच रडून राहिली का?" रडतच होती. लपवण्यासारखं काय आहे त्यात?

आता जे लिहायला बसली ते लिहिते.

काल मला ताप नव्हता. तुला फोनवर खोटं सांगितलं. सकाळी नऊला मी चांगली साडी नेसून, घराचे कागद पिशवीत घालून बसस्टँडवर गेली होती. अकोल्याला तुझ्याकडे यायचं, घर विकायच्या कागदावर सही करायची आणि इथलं घर सोडायचं, हे तू आणि तुझ्या मेहुण्याने, शेखरने, ठरवलंच होतं. पिशवीत सातवा भागही होता, पंचवीसेक पानं उरलेली. बाकावर बसून वाचायला लागली. पहिली गाडी लागली. म्हटलं, हे प्रकरण होऊ दे. दुसरी लागली. तेव्हा पंगत बसली होती. तिसऱ्या गाडीचा कंडक्टर खाली उतरून माझ्यापाशी आला.

"मावशी, अकोला ना? चला लवकर, जागा आहे."

मी ती ओळ नुकतीच वाचली होती. मी म्हटलं, "बापू, तू जाय. मले नाई जायचं."

"मंग सकाळपासून इथं कायले बसून राहिल्या?"

त्याला काय सांगणार! मी उठली आणि घरी आली. तुझे बाबा गेल्यापासून तुला ‘नाही’ म्हणायची सवयच राहिली नव्हती, म्हणून तापाचं सांगितलं.

अनुप, तू वाईट मुलगा नाहीस. मी एकटी पडेन, पडली तर कोण उचलणार, ही तुझी काळजी मला कळते. पण तू मला विचारलं नव्हतंस, सांगितलं होतंस. आणि मी मान डोलावली, कारण मला भीती होती की नाही म्हटलं तर तू येणंच बंद करशील.

ऑगस्टमध्ये पायलच्या वाढदिवसाला तुझ्या ऑफिसच्या लोकांसमोर तू म्हणालास, "आमच्या आईले या वयात राक्षसाईचं याड लागलं." सगळे हसले. मीही हसली आणि शेखरच्या ताटात पुरीवर पुरी वाढत राहिली, तो नको नको म्हणत होता तरी. त्या दिवशी मला किती लागलं हे मी कोणाला सांगितलं नाही. आज तुला सांगते. तुझ्या लहानपणी मी दिवसभर गावोगाव फिरून यायची आणि तरी तुला रोज एक राक्षस रचून सांगायची, त्याशिवाय तू जेवत नव्हतास. तेव्हा ते याड नव्हतं.

तर, मी सही करणार नाही. घर सोडणार नाही. शेखरने ज्यांना शब्द दिला आहे त्यांना त्यानेच सांगावं. पडली तर रुख्मिणीताई भिंतीपलीकडे आहेत, आणि तूही अडीच तासांवर आहेस. मला तुझ्याकडे यावंसं वाटेल तेव्हा मी येईन, चार दिवस राहीन, भांडेन, परत जाईन.

पुस्तकाच्या लेखिकेलाही चार पानं लिहिली आहेत. उत्तर येवो न येवो. आणि दर रविवारी सकाळी विहारात मुलींना पहिल्या भागापासून वाचून दाखवणार आहे. नऊ जणी यायला तयार आहेत. शेवटच्या ओळीपाशी पोचलो की पुस्तक मिटून त्यांना विचारणार आहे, आता तुम्ही सांगा, पुढे काय व्हावं.

तुला राग येईल. येऊ दे. राग गेला की ये. पायलला घेऊन ये. पण रविवारी येणार असशील तर दुपारनंतर ये, सकाळी मी घरी भेटणार नाही.

तुझी आई,
आणि तुझ्याही आधीपासूनची
माणिक