कापराच्या वासाचं अमेरिकन पेन

४ ऑगस्ट १९८५, रविवार, सकाळी १०
आजपासून रोजनिशी. संशोधकाला नोंदी ठेवाव्याच लागतात. ही नोंद बॉलपेननं, कारण संग्रहातली अकराही जुनी अमेरिकन पेनं आज एकदम रुसली आहेत. भांडुपची हवा, दुसरं काय!
संकल्प: वर्ष संपायच्या आत ओहायोच्या पेन-संग्राहकांच्या मासिकात माझं नाव छापून आलंच पाहिजे. रद्दीवाल्याकडे एक अंक मिळाला, त्यात पत्ता आहे. ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं. आता माघार नाही.

त्याच दिवशी, दुपारी
घाटकोपर स्टेशनबाहेरचा पेनवाला धोंडिराम म्हणतो, अस्सल जुन्या अमेरिकन पेनाची खूण एकच. दांडा तळहातावर खसाखसा घासायचा, कापराचा वास आला पाहिजे. माझ्या अकराच्या अकरांना येतो!
हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी, वनमालानं, तिच्या वडिलांचं काळं पेन पुढे केलं. घासलं. जळक्या रबराचा वास. पुसट अक्षरं कोरली आहेत, ती वाचायची तसदी घेतली नाही. सासरे गिरणीत मुकादम, पेन म्हणे तिथल्या साहेबानं दिलेलं. गिरणीतला साहेब मुकादमाला अमेरिकन पेन देईल? तिला म्हटलं, तू आपली शाळेतल्या वह्या तपास त्यानं. तिनं पेन पुसून पर्समध्ये ठेवलं. अशी न भांडणारी माणसं मला आवडत नाहीत.

११ ऑगस्ट
मासिकाचे संपादक मिस्टर हॅलरन यांना पत्र. सोबत संग्रहाची यादी आणि माझ्या नियोजित ग्रंथाची प्रस्तावना. मजकूर माझा, अक्षर वनमालाचं. माझं अक्षर वाईट नाही, वेगवान आहे. तिनं नेमकं ते काळं पेन घेतलं. म्हटलं, अगं, अमेरिकेला पत्र आणि हे पेन? म्हणाली, तुमच्या अकरांतलं एखादं उमटतंय का बघा. बायकांना इतिहास आणि उपयोग यांतला फरक कळत नाही.

२५ ऑगस्ट
ऑफिसातल्या शिवदासनं माझ्याकडून हौसेनं एक पेन नेलं होतं. काल ते माझ्या टेबलावर आणून आपटलं. म्हणे, चार दिवसांत वास उडाला, यार, तू पेन विकतोस की कापूर? अख्खा सेक्शन हसला. डोकंच फिरलं. काही घरांत वस्तू टिकतच नाहीत.
वनमालाला सांगितलं तर शांतपणे म्हणाली, अहो, पेनं ठेवता तो डबा देवाच्या कापराचाच आहे ना, तुम्हीच उचलून नेलात. हे तीन आठवडे आधी सांगायला काय झालं होतं? म्हणे, तुम्ही विचारलंत कुठे?
डबा बदलला. आता खरा वास कळेल.

२ सप्टेंबर
एकालाही नाही. दमट हवेत वास दबतो, हे उघड आहे. तरी धोंडिरामला जाब विचारायला गेलो. म्हणाला, साहेब, वास येतो एवढंच बोललो मी, कुठून येतो ते तुम्ही बघायचं ना. नालायक माणूस.

२६ सप्टेंबर
उत्तर आलं. हॅलरनसाहेब लिहितात, यादीतलं एकही पेन वर्णनावरून अमेरिकन वाटत नाही. कापराचा वास सेल्युलॉइडचा, म्हणजे जुन्या प्लास्टिकचा, ते कुठेही बनायचं. त्याआधीची अमेरिकन पेनं कडक रबराची, घासली की जळक्या रबराचा वास येतो. प्रस्तावनेबद्दल अवाक्षर नाही. उलट विचारतात, तुमच्या पत्रातली जाड-बारीक रेघ फार सुंदर आहे, ते कुठल्या पेनानं लिहिलंत?
भिंग घेऊन काळं पेन पाहिलं. ऑर्डवे पेन कंपनी, ओहायो, पेटंट १९०९.
मी तीन वर्षं घाटकोपर पालथं घालतोय आणि हे वनमालाच्या पर्समध्ये, भाजीच्या यादीशेजारी! सासऱ्यांनी लग्नात मला का दिलं नाही?

२९ सप्टेंबर
कळवून टाकलं: पेन माझं, अक्षर माझं. नवरा-बायकोत कसलं माझं-तुझं? नमुन्यादाखल एक पान स्वतः लिहून पाठवलं. तीन डाग पडले. निबेचा दोष. पेन आता माझ्या खिशात. तिनं दोनदा मागितलं, संशोधन चालू आहे म्हटलं.

१५ नोव्हेंबर
ओहायोचं पाकीट वनमालानं फोडलं. दुसऱ्याची पत्रं फोडायची ही कुठली रीत? आत लिहिलंय, दुसरं पान पहिल्या हाताचं नाही. ज्यांनी पहिलं पत्र लिहिलं, त्यांनीच या पेनाची हकिकत कृपया लिहावी.
भांडली असती तर मीही भांडलो असतो. तिनं नुसता हात पुढे केला. आधी पेन द्या म्हणाली. दिलं. मग म्हणाली, बाबा त्या साहेबाला मराठी शिकवायचे, म्हणून त्यानं जाताना दिलं. सोळा वर्षांत एकदा तरी विचारलंत?
भयंकर राग आला.

३ मार्च १९८६
मासिक आलं. पानभर वनमालाचं अक्षर, जसंच्या तसं छापलेलं. मध्ये काळ्या पेनाचा फोटो. खाली तिच्या वडिलांचं नाव, लवू परब, मुकादम.
माझं नाव शोधलं. वरून खाली, मग खालून वर. नाही.
अंक भिरकावणार होतो. पण ती वडिलांच्या नावावर बोट ठेवून बसली होती आणि डोळे पुसायचंही तिला सुचत नव्हतं. लाज वाटली मला.
मग टेबलावर अंकाचं वेष्टन दिसलं. मिसेस वनमाला सावंत. खाली, केअर ऑफ चंद्रप्रकाश सावंत. अमेरिकेत टाइप केलेलं माझं नाव. स्पेलिंगसुद्धा बरोबर.
वनमालानं विचारलं, कागद फेकू का? म्हटलं, राहू दे.