वरच्या रांगेतली बटणं

६ जानेवारी २०२५, सोमवार

बटणं बोलत नाहीत!

सकाळी भांडी आवरली, हात पुसले, ह्यांच्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर वरच्या रांगेतलं पाकिटाचं चित्र असलेलं बटण दाबलं — काही नाही. परत दाबलं. घराचं चित्र असलेलं दाबलं. कॅल्क्युलेटरचं. गाण्याच्या खुणेचं. चारही मुकी. स्पीकर ठीक आहे, भजन लावून बघितलं, खणखणीत वाजलं. आवाज कमी-जास्त करायची बटणंही चालतात. फक्त ह्यांची चार गेली.

निशा तिच्या खोलीतूनच म्हणाली, "अपडेट आलं असेल, आई. लिनक्समध्ये असं होतं कधी कधी. सोड ना आता."

सोड म्हणे.

७ जानेवारी, मंगळवार

झोप लागली नाही. लिहिते.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, घशाची गाठ काढताना आवाजाची पेटीच काढावी लागेल. हे रडले नाहीत. न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात गेटवरच्या कॉम्प्युटरवर आयुष्य गेलेलं, त्यांना वाटायचं मशीनने सगळं होतं. ऑपरेशनच्या आधी दार लावून बसले आणि फोनमध्ये स्वतःचा आवाज भरून घेतला. मग एकेक वाक्य एकेका बटणाला लावलं. पाकीट म्हणजे "सत्या, चहा." घर म्हणजे "निशा, इकडे ये गं." कॅल्क्युलेटर म्हणजे "दुखतंय." गाण्याची खूण म्हणजे "आज भाजीत मीठ कोणी टाकलंय?" हे चौथं निव्वळ चिडवायला. आजारी माणूस, पण खोड जाईना!

"पाणी" भरायचं राहिलं. पाणी शेवटपर्यंत हाताच्या खुणेनेच मागत होते.

पावसाळ्यात गेले. तेव्हापासून मी रोज सकाळी पाकीट दाबते, मग गॅस पेटवते. कुणाला सांगायची गोष्ट नाही ही.

९ जानेवारी, गुरुवार

स्टेशनकडच्या दुकानात मशीन नेलं. रिक्षात मांडीवर धरून. दुकानदार चांगला पन्नाशीचा माणूस, पण झाकण उघडायच्या आधीच निकाल!

"काकी, हे काय टाकून ठेवलंय? विंडोज टाकू मस्त. सगळं फॉरमॅट मारतो, नवीन होऊन जाईल."

"आत आवाज आहेत."

"कसले आवाज?"

"माझ्या मिस्टरांचे."

मग म्हणाला, "मग पेन ड्राइव्हवर काढून आणा."

काढू कुठून? ते आत कुठे ठेवलेत मला माहीत नाही. आहेत की बटणांबरोबर गेले तेही माहीत नाही. ज्या फोनवर भरले तो फोन केव्हाच बदलला. दुसरीकडे कुठेच नाहीत. काउंटरवरून मशीन उचललं आणि परत आले.

११ जानेवारी, शनिवार

उरणहून किशोरी वन्सं आल्या. सुकट आणली. मी वाटाणे सोलत एक डोळा पडद्यावर ठेवून बसलेली.

"वहिनी, तुमी काय त्या डब्याला धरून बसलाय! दादा त्यात हाय काय?"

"आहे," म्हटलं.

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि स्वतःच सुकट निवडायला घेतली. जाताना निशाला म्हणाल्या, "आईकडं बघ गं, येडी झाली हाय ती." निशा म्हणाली, "बघतेय, आत्या." माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

दिवसभर इंटरनेटवर वाचलं. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं वाचनालयाने शिकवलं, आणि इंग्रजी डिक्शनरीने. एकेका ओळीला चहा थंड होतो. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं एकमेकांना विचारतायत — माझं बटण चालत नाही, काय करू? आणि अनोळखी माणसं उत्तरं देतायत, न हसता. बरं वाटलं.

एकाने लिहिलंय: आधी बघा, बटण दाबल्याचं मशीनपर्यंत पोचतं का. टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडायची, xev लिहायचं. एक पांढरा चौकोन येतो. तो समोर ठेवून बटण दाबायचं.

पाकीट दाबलं. भराभर ओळी आल्या, त्यात स्पष्ट — मेल! घर दाबलं, तेही नाव आलं. चारही आली.

म्हणजे बटणं मेलेली नाहीत. हाक पोचतेय. पोचल्यावर काय करायचं तेवढं मशीन विसरलंय.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. वरच्या मजल्यावर हळदीकुंकू, जिन्यात बायकांची वर्दळ. मला बोलावणं नाही. दार लावून घेतलं.

१५ जानेवारी, बुधवार

सेटिंगमध्ये शॉर्टकटची यादी सापडली. आपण स्वतः जोडलेले शॉर्टकट तिथे दिसतात. त्यात एकच उरलाय — मला डिक्शनरी उघडायला ह्यांनी करून दिलेला. ह्यांचे चार नाहीत.

अपडेटने नेले तर माझा कसा ठेवला? कळेना.

मग टर्मिनलमध्ये चुकून वरचा बाण दाबला गेला. आधी लिहिलेलं परत आलं! आणखी वर, आणखी वर. माझं xev संपलं आणि ह्यांचं सुरू झालं. काय काय करत बसायचा हा माणूस! एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिलेली, दर वेळी थोडी सुधारून. मग एक ओळ आली, तिच्या शेवटी satya.wav.

एंटर दाबलं.

"सत्या, चहा."

आहे! आवाज आहे! टेबलावर डोकं ठेवून रडले. एवढी त्या दिवशीही रडले नव्हते.

१६ जानेवारी, गुरुवार

बाकीच्या तीन ओळीही त्याच बाणाने सापडल्या, मग नवीन शॉर्टकट. नाव, त्याखाली ती ओळ, मग बटण दाबून दाखवायचं. पहिल्यांदा घर आणि पाकीट उलटं झालं, पुन्हा केलं. दुपारी चारही लागले. माझ्या हातांनी!

पाकीट दाबलं, चहा टाकला. तो उकळेपर्यंत घराचं दाबून बघितलं.

"निशा, इकडे ये गं."

निशा धावत आली. गळ्यात हेडफोन, चेहरा पांढराफटक. मशीनकडे बघत राहिली.

"परत लावलंस?"

"परत म्हणजे?"

तेव्हा कळलं.

"तू काढलंस, निशा?"

"हो, मी काढलं! रोज सकाळी तुझं चालू होतं. मी घरातून काम करते, आई, मला कानावर हात ठेवून बसता येत नाही!"

"बापाचा आवाज पुसायला निघालीस तू!"

"पुसला नाही मी. फाईली जागेवर आहेत. पुसणं जमलं असतं तर..." आणि खोलीचं दार आपटलं. चहा उतू गेला.

१७ जानेवारी, शुक्रवार

निशा बोलत नाही. ताट दाराबाहेर ठेवलं होतं, तसंच उचललं. मीही हट्टाने पाकीट दाबलं. मोठ्या आवाजात.

१९ जानेवारी, रविवार

निशा स्वतःहून येऊन बसली. म्हणाली, बाबा मुद्दाम तिच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये ते मिठाचं वाजवायचे, ऑफिसवाले हसायचे. म्हणून ती रोज मीटिंगआधी ह्यांच्या मशीनचा स्पीकर म्यूट करायची आणि नंतर चालू करायची. मी औषधं आणायला गेले होते त्या दुपारी चालू करायचं राहिलं. बऱ्याच वेळाने पाणी प्यायला बाहेर आली, तर हे खुर्चीत वाकलेले, बोट घराच्या बटणावर. "दाबत होते, आई. मला बघूनही दाबतच होते." मी घरी पोचले तेव्हा संपलं होतं.

तिला जवळ घेऊन बसले.

संध्याकाळी सेटिंग उघडून घराचं बटण मीच काढलं. फाईल ठेवली. ती निशाची आहे, तिने ठरवावं.